बदनाम गाण्याचे वारस

रेबेटिको हे ग्रीसच्या बंदरांतलं गाणं. चरसचे अड्डे, तुरुंग आणि निर्वासितांच्या झोपड्या यांत ते वाढलं, सरकारनं ते दाबलं, आणि 2017 साली युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवलं. त्यावरून मीरा-भाईंदरमधल्या एका मामा-भाचीत वाद सुरू झाला आणि तो काशिमिऱ्याच्या ऑर्केस्ट्रा बारपर्यंत पोहोचला. मामा गिरणी कामगाराचा मुलगा. तरुणपणी लालबागच्या बेंजो पार्टीत वाजवलं, पुढे बरीच वर्षं हायवेवरच्या बारमध्ये कीबोर्ड. भाची संगीताचा सामाजिक इतिहास शिकते. नावं त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत.

भाची : मामा, 1922 साली स्मिर्ना शहर जळालं. पुढच्या वर्षी लोझानचा करार झाला आणि ग्रीस-तुर्कस्तानात माणसांची अदलाबदल ठरली. या सगळ्या उलथापालथीत बारा लाखांच्या आसपास माणसं ग्रीसमध्ये येऊन पडली. पिरेयस बंदराभोवती कोक्किनिया, द्रापेत्सोना अशा वस्त्या उठल्या. स्मिर्नाच्या कॅफेतलं व्हायोलिन, ऊद आणि संतूरचं गाणं त्यांच्याबरोबर आलं. बंदरात आधीपासून हमालांचं, कैद्यांचं बुझुकीवरचं गाणं होतं. दोन्ही एकमेकांत मिसळली. आता आपलं गाव बघ. मिठागरं आणि भातशेतीची खेडी होती. 1985 ला नगरपरिषद झाली, 2002 ला महापालिका, आणि 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर माणसं. त्यातले कितीतरी गिरणगाव सोडून आलेले, कितीतरी 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून निघालेले. मग अशा शहराचं बदनाम गाणं कुठं असेल? मला वाटतं, हायवेवर. तुझ्या बारमध्ये.

मामा : माणसं उखडली म्हणजे गाणं आपोआप उगवतं, असं कुणी सांगितलं तुला? 1982 चा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर बसले. त्यानंतर आम्ही भाईंदरला आलो ते गाणं घेऊन नाही, डोक्यावर देणं घेऊन आलो. आणि बार माझा नव्हता. मी तिथं रोजावर वाजवायचो.

भाची : मार्कोस वाम्वाकारिसही पिरेयसच्या कत्तलखान्यात कामाला होता. 1905 साली सिरोस बेटावर जन्मला, पोरसवदा वयात बंदरावर आला, बुझुकी ऐकली आणि ती शिकल्याशिवाय राहिला नाही. 1934 च्या सुमाराला बातिस, देलियास आणि स्त्रातोस यांच्याबरोबर त्यानं चौघांची मंडळी काढली. रेबेटिकोचा ठसा तिथून पक्का झाला.

मामा : बघ, तूच सांगतेस. वाद्य त्यांचं, मंडळी त्यांची, शब्द त्यांचे. बारमध्ये यातलं काय होतं? कीबोर्ड, ऑक्टोपॅड, हिंदी सिनेमातली गाणी. सकाळी कॅसेटवर ऐकायचं, रात्री वाजवायचं. तुला या शहरात स्वतःचं वाद्य शोधायचंच असेल तर बेंजो पार्टीत जा. गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीला जो बेंजो वाजतो ना, तो मुळात जपानचा. 1912 साली नागोयाच्या गोरो मोरितानं तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून तैशोगोतो काढलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं. आमच्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, अँप्लिफायर लावला, भोंग्यावर सोडलं. गुरू नाही, नोटेशन नाही. तुझ्या बुझुकीच्या जवळचं काही असेल तर हे आहे.

भाची : पण बेंजोवरही सिनेमाचंच गाणं वाजतं की.

मामा : वाजतं. कोळीगीतंही वाजतात. पण ते वाजवणाऱ्याची बोटं ओळखू येतात. कुठल्या गल्लीची पार्टी आहे हे आम्ही लांबून सांगायचो. बारमध्ये मालकाला नेमकं उलटं हवं असतं. रेकॉर्डसारखं वाजलं पाहिजे. एक मुरकी जास्त घेतली तर काउंटरवरून मान हलायची.

भाची : तुला एक गंमत सांगते. 1959 साली ग्रीसमध्ये स्तेलिओस काझांझिदिसचं एक गाणं फार गाजलं. नाव ‘मांदुबाला’. म्हणजे आपली मधुबाला. आणि चाल ‘आवारा’मधल्या लताबाईंच्या एका गाण्याची. त्या काळात ग्रीसमध्ये हिंदी सिनेमे धो-धो चालायचे आणि त्यांतल्या चालींवर ग्रीक गाणी पाडली जायची, एकदोन नाही, खंडीभर. रेबेटिकोचा मोठा रचनाकार वासिलिस त्सित्सानिस या हिंदी लाटेवर भयंकर चिडला होता. पण पिरेयसच्या कामगारानं ती गाणी आपलीच मानली. शंकर-जयकिशनची चाल, मुंबईच्या स्टुडिओतला वाद्यवृंद, त्यात कितीतरी गोव्याचे वादक, आणि पलीकडे बुझुकी. म्हणजे उसनी चाल घेतली म्हणून गाणं परकं ठरत नाही.

मामा : (हसून) मधुबाला पिरेयसला पोहोचली, हे मला ठाऊक नव्हतं. स्वर जुळतात म्हणून सोपं गेलं असणार. तू मला परवा ऐकवलंस ते ‘मिसिर्लू’, त्यात सरळ भैरवाचे स्वर आहेत. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद.

भाची : हो, तिकडे त्याला हिजाझकार म्हणतात.

मामा : पण एक गोष्ट तू घाईत सोडलीस. त्यांनी चाल घेतली आणि तिच्यावर स्वतःचे शब्द लिहिले. आपलं दुःख आपल्या भाषेत बसवलं. बारमध्ये दुसऱ्याची चाल, दुसऱ्याचे शब्द. फार तर फर्माईश करणाऱ्या शेटचं नाव माइकवर घ्यायचं. शब्द हवे असतील तर तमाशाकडे जा.

भाची : तेच म्हणणार होते. पठ्ठे बापूराव. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाघरचा माणूस फडात गेला, महार समाजातल्या पवळा या नर्तकीबरोबर उभा राहिला, मुंबईच्या कामगारवस्तीनं त्यांना डोक्यावर घेतलं, आणि 1945 साली गेले ते हलाखीत. नंतर अण्णा भाऊ साठे. अमर शेख आणि गवाणकरांबरोबर 1944 साली लाल बावटा कलापथक काढलं आणि ‘मुंबईची लावणी’ लिहून शहराचे दोन तुकडे समोरासमोर ठेवले. लावणीच्या शेवटी कवी स्वतःचं नाव गुंफतो. गाणं कुणाचं हे तिथं विचारावं लागत नाही.

मामा : आणि सरकारनं काय केलं त्या तमाशाचं?

भाची : स्वातंत्र्य मिळालं आणि वर्षभरात, खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. कारण अश्लीलता. पुढे वग तपासून घ्यायचे, सुधारायचे, अशा अटींवर ती उठली. ग्रीसमध्ये 1936 च्या ऑगस्टमध्ये मेताक्सासची हुकूमशाही आली, आणि पुढच्या वर्षापासून रेकॉर्ड करण्याआधी गाणं तपासायला द्यावं लागे. चरसचा उल्लेख नको, तुर्की वळणाचे आलाप नकोत. त्सित्सानिससारख्यांनी प्रेमाची, विरहाची गाणी लिहून त्यातून वाट काढली. आपल्याकडे तमाशाचं लोकनाट्य झालं.

मामा : म्हणजे साफसूफ केल्यावर दोघांनाही दिवाणखान्यात जागा मिळाली.

भाची : अर्धवट. 31 जानेवारी 1949 ला मानोस हाजिदाकिस नावाच्या तरुण संगीतकारानं अथेन्सच्या एका नाट्यगृहात रेबेटिकोच्या बाजूनं भाषण केलं. त्या वेळी उजव्यांना हे गाणं गुन्हेगारांचं वाटायचं आणि बऱ्याच डाव्यांना ते नशेत बुडालेलं, लढ्याला निरुपयोगी वाटायचं. हाजिदाकिसनं वाम्वाकारिस आणि सोतिरिया बेल्लू या दोघांना नुसतं उदाहरण म्हणून सांगितलं नाही, तर प्रत्यक्ष गायला बसवलं. 1960 साली संगीतकार थिओडोराकिसनं कवी रित्सोसच्या कवितांना बुझुकीची साथ दिली आणि वाद संपल्यात जमा झाला. मला तेच करायचंय. काशिमिऱ्याचं गाणंही शहराचं गाणं आहे, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं.

मामा : तू बारला तमाशाच्या रांगेत बसवतेस. ते मला चालत नाही.

भाची : मी नाही बसवलं, पोलिसांनी बसवलं. मुंबईत बारला कार्यक्रमाचा परवाना ज्या 1960 च्या नियमांखाली मिळतो, त्यांच्या नावातच कॅब्रे, मेळे आणि तमाशे एकत्र आहेत. परवाना देणाऱ्याच्या लेखी तुम्ही सगळे एकाच फडातले.

मामा : परवान्यावरून कला ठरते का? कलाकाराचा हात त्या जागेवर किती चालतो, त्यावरून ठरते. फडात नाचणारी फडाची मालकीण होऊ शकते. लावणीच्या संगीत बारी थिएटरांत आजही पार्टी बाईच्या नावानं चालते. बारची मालकीण कुणी नाचणारी झालेली मी पाहिली नाही. आणि दुसरं. तुझ्या ग्रीक लोकांत पैसे देऊन गाणं मागवायची पद्धत होती म्हणालीस.

भाची : हो, परांगेलिया. माणूस वादकांना पैसे देतो, त्याच्यासाठी झेबेकिको सुरू होतो. नऊ मात्रांचा नाच, एकट्यानं करायचा. त्या वेळी दुसरा कुणी उठला तर तो अपमान. 1973 साली अथेन्समध्ये अशाच एका फर्माईशीवरून भांडण पेटलं आणि तीन पोलिसांचे खून झाले.

मामा : बघ फरक. तिथं पैसे टाकणारा स्वतः उठून नाचतो. स्वतःचं दुःख स्वतःच्या पायांनी फिरवतो. इथं पैसे टाकणारा बसून राहतो आणि बाई उभी राहते. लावणीतल्या दौलतजादेत निदान सवाल-जवाब असतो, बैठकीची लावणी गाणारी गिऱ्हाइकाला अदेनं खेळवते, टोमणा मारते. बारमध्ये नोट पडली की गाणं पुढं ढकलायचं. तालाशी त्याचा संबंध नाही.

भाची : ही तुझी नजर स्टेजच्या मागच्या बाजूची आहे. त्या नाचणाऱ्या बायकांत कितीतरी जणी बेडिया, नट, कंजर, देरेदार अशा पिढीजात गाण्या-नाचण्याच्या समाजांतल्या होत्या. अ‍ॅना मॉर्कम यांनी त्यावर पुस्तक लिहिलंय. कोठे गेले, संस्थानं गेली, राजाश्रय गेला. ज्या बायका पूर्वी ठुमरी-दादऱ्यावर नाचल्या असत्या त्या मुंबईत येऊन सिनेगीतावर नाचल्या. गाणं बदललं, व्यवसाय तोच राहिला. ती परंपरा 15 ऑगस्ट 2005 ला बारमधल्या नाचावर बंदी घालणाऱ्या कायद्यानं तोडली.

मामा : सगळ्याच काही परंपरेनं आलेल्या नव्हत्या. कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाला फसवून आणलेलं. ते रंगवून सांगू नकोस.

भाची : रंगवत नाही. कोर्टातही दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. एका पाहणीनं शोषण दाखवलं, एसएनडीटीच्या पाहणीनं हे बायकांचं उपजीविकेचं काम असल्याचं दाखवलं. बंदी आली तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. मुंबई पोलीस कायद्यात 33अ आणि 33ब ही कलमं घातली. साध्या बारमध्ये नाच बंद, तारांकित हॉटेलांत चालू. एप्रिल 2006 मध्ये उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. 2014 ला सरकारनं पुन्हा बंदी आणली, 2015 ला स्थगिती मिळाली, 2016 ला नवा कायदा झाला. जानेवारी 2019 मध्ये न्यायालयानं त्यातल्याही जाचक अटी काढल्या. बक्षीस देता येईल, पण नोटा उधळता येणार नाहीत, असं सांगितलं. चौदा वर्षं एका नाचावर. मेताक्सासलाही एवढा वेळ मिळाला नव्हता.

मामा : आणि त्या चौदा वर्षांत काशिमिऱ्याला काय झालं, ते मला विचार. नाच बंद झाला तसे बार ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर गेले. आधी बहुतेक ठिकाणी कॅसेट नि सीडी लागायची. आता जिवंत वादक लागले. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते, हायवेला गिऱ्हाईक थांबतं. आम्हाला काम मिळालं. नाचणारीचं गेलं आणि वाजवणाऱ्याचं आलं. नाचणाऱ्यांतल्या काहीजणी माइक हातात घेऊन आमच्याच स्टेजवर उभ्या राहिल्या. कुणी खरंच गायची. एक होती, तिचा वरचा षड्ज असा लागायचा की वेटर ट्रे घेऊन थांबायचे. बाकीच्या नुसत्या उभ्या.

भाची : मग बंदीचा फायदा तुला झाला.

मामा : झाला. तुझ्या आईच्या आजारपणात औषधं त्यातूनच आली. म्हणून मला वारसा हा शब्द त्या जागेला लावताना जड जातं. माझ्यासाठी ती एकीच्या पोटावर पाय ठेवून दुसऱ्याला मिळालेली रोजंदारी आहे.

भाची : पण म्हणूनच ती नोंदवायला हवी ना? बघ, सरकारनं बारमधलं गाणं ठेवलं आणि बाई काढली. परवान्यात स्टेजवर चार बायका, चार पुरुष अशी मर्यादा घातली. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती स्त्री-पुरुष वाटणी रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहील, पण ते आठही स्त्रिया असल्या तरी हरकत नाही, असं सांगितलं. म्हणजे गायिका ही कलाकार आहे, तिला मोजून अडवता येणार नाही, हे न्यायालयाला पटतं. आपल्या संगीताच्या इतिहासाला का पटू नये?

मामा : न्यायालयानं तिला कामाचा हक्क दिला. ते बरोबरच आहे, मला तेच हवंय. रात्री गाणं थांबल्यावर घरी जायची गाडी, महिन्याचा हिशेब, धाड पडली तर वकील. तू तिला हक्काऐवजी कौतुक देतेस. वाम्वाकारिसचं काय झालं ते पूर्ण सांग.

भाची : 1950 च्या दशकात त्याचे हात सांधेदुखीनं आखडले, दम्यानं छळलं, कामं मिळेनात. 1960 च्या सुमारास कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं त्याची जुनी गाणी बिथिकोत्सिस या गायकाच्या आवाजात पुन्हा काढली, तेव्हा पुन्हा नाव झालं. 1972 ला गेला.

मामा : म्हणजे 1949 च्या त्या भाषणानंतरही त्याची दहा वर्षं भुकेतच गेली. लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती 2012 साली, वय नव्वदीच्या पुढे. हारतुरे येतात, पण म्हातारपणी.

भाची : उशिरा आले हे खरं. पण ती दहा वर्षं तो पुसला कसा गेला नाही, ते बघ. रेकॉर्ड होत्या. 1930 पासून अथेन्समध्ये रेकॉर्डचा कारखाना होता, तबकडीवर गायकाचं आणि रचनाकाराचं नाव छापलेलं असे. 1968 साली इलियास पेत्रोपुलोसनं लष्करी राजवटीत रेबेटिकोच्या गाण्यांचं पुस्तक काढलं आणि त्यापायी तुरुंगात गेला. आपल्याकडे भूषण कोरगावकरांनी ‘संगीत बारी’ लिहिलं, म्हणून त्या थिएटरांतल्या बायका आज नावानिशी ठाऊक आहेत. काशिमिऱ्याच्या स्टेजवर वीस वर्षांत कोण काय गायलं, याचा एकही कागद नाही. शंकर-जयकिशनचं नाव राहील, लताबाईंचं राहील. तुझ्या त्या वरच्या षड्जाचं?

मामा : तिचं नाव राहावं, असं तिला वाटतं का, हे विचारलंस? रेबेटिकोचे पुरुष आपल्या नावाचा डंका पिटत. इथली बाई बारमध्ये एक नाव सांगते, घरी दुसरं. मुलाच्या शाळेत तिसरं कारण सांगते. गावी कळलं तर बहिणीचं लग्न मोडतं. तू वारसा म्हणून छापशील आणि तिला घर बदलावं लागेल.

भाची : देलियासलाही सगळे आर्तेमिस म्हणायचे. रेबेटिकोतही टोपणनावं होती.

मामा : ती मिरवायची नावं होती. ही लपायची आहेत.

भाची : मान्य. पण आज तिचं खरं नाव कुठं नोंदलेलं असतं, ठाऊक आहे? धाडीच्या पंचनाम्यात. कलम, वेळ, ठिकाण, आणि तिचं नाव. आपण काहीच लिहिलं नाही तर पन्नास वर्षांनी या शहराच्या गाण्याचा अभ्यास करणाऱ्याला फक्त पोलीस ठाण्याचं दप्तर सापडेल. त्यात ती आरोपी किंवा पीडित असेल. गायिका कुठंच नसेल.

मामा : पंचनाम्यात कुठलं गाणं चालू होतं, ते नसतं. एवढं तुझं खरं.

भाची : मग मी पंचनाम्याला पर्यायी वही करते. गाणं, पट्टी, लय, साथीला कोण, रात्री कितव्या फेरीत. नाव तिनं दिलं तर तिचं, नाही तर तिनं निवडलेलं. विचारल्याशिवाय काही नाही.

मामा : वही कर. पण त्या गाण्याला लोकसंगीत म्हणायची घाई करू नकोस. आधी पंचवीस-तीस जणींशी बोल. त्यांनी गाण्यात स्वतःचं काय घातलं ते सापडतंय का बघ. सापडलं तर मी माझं म्हणणं मागं घेईन. नाही सापडलं तर तू वारसा म्हणायचं सोड आणि कामगारांचा इतिहास म्हण, त्यात कमीपणा नाही. आणि प्रत्येक ओळीत एक रकाना जास्त आख.

भाची : कसला?

मामा : त्या रात्री तिला किती मिळाले, आणि त्यातले मालकानं किती ठेवले.